पाच रुपयांच्या पुडीसाठी मशीन घेताय? आधी मसाला दाखवा

मी जळगाव एमआयडीसीत पॅकिंग मशीनची कामं करतो. विकत नाही, फक्त दुरुस्त करतो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली जे लिहिलंय ते वाचून कोणाला वाटायचं की याला कुठून तरी कमिशन सुटत असेल. लोकं मशीन घेऊन झाल्यावर मला बोलावतात, तेव्हा पैसे देऊन झालेले असतात आणि माझ्याकडे सांगण्यासारखं फार काही उरत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक पाठवायची, काम झालं.

यावेळी निमित्त भाच्याचं. पारोळ्याकडे त्यांचं मिरची कांडप आहे, घरचा काळा मसाला आणि शेवभाजीचा मसाला सुट्टा विकतात, बऱ्यापैकी चालतो. आता त्याला पाच रुपयांची पुडी काढायची आहे, तिची लडी करून गावोगावच्या किराणा दुकानात लटकवायची. त्याने मला व्हॉट्सॲपवर कोटेशनचा ढीग पाठवला, कोणी अहमदाबादचं, कोणी फरीदाबादचं, कोणी वसईचं, दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत, आणि प्रत्येक कोटेशनवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात स्पीड. मिनिटाला ६०, मिनिटाला ८०, एकाने तर १२० लिहिलेलं. "मामा, कोणती घेऊ सांगा." मी विचारलं मसाला एकदम कोरडा आहे की तेलाचा हात लागलेला, तर म्हणे ते कशाला लागतं, मशीनचं सांगा ना. त्याचे आजोबा, आमचे नाना, बाजूलाच बसले होते, ते म्हणाले, "तुले मशीन लेनी शे का पुड्या इकन्या शेतस?" (म्हणजे, तुला मशीन घ्यायची आहे का पुड्या विकायच्या आहेत?) नाना शाळा फार शिकले नाहीत पण माझ्या मते सगळ्या सेल्स इंजिनिअरपेक्षा नेमका प्रश्न त्यांनीच विचारला.

आता स्पीडचंच घ्या. मिनिटाला ६० म्हणजे तासाला ३,६०० आणि आठ तासांत २८,८०० पुड्या, हे कागदावर. फिल्मचा रोल बदलणं, हॉपर (वरचं माल भरायचं भांडं) भरणं, जॉ (पुडी सील करणारा जबडा) साफ करणं, लाईट जाणं, चहा, हे सगळं वजा केलं तर ७० टक्के धरा, वीस हजार. वीस हजार पुड्या पाच पाच ग्रॅमच्या म्हणजे रोजचा १०० किलो मसाला. भाच्याला विचारलं दिवसाला किती किलो काढतोस, तर सीझनला, म्हणजे मिरचीचे दिवस असतात तेव्हा ओढूनताणून ४० किलो, एरवी पंधरा. म्हणजे ६० ची मशीनच त्याला अर्धा दिवस बंद ठेवावी लागेल, १२० ची कोणासाठी घ्यायची?

मशीनचे दोन भाग असतात असं समजा. एक भाग पुडी बनवतो आणि सील करतो, दुसरा भाग माल मोजून आत टाकतो, त्याला फिलर म्हणतात. उभ्या मशीनमध्ये रोल वरून येतो, कॉलरवर, म्हणजे फिल्मला नळीचा आकार देणाऱ्या भागावर, वळतो, उभा सील बसतो, खाली आडवा जॉ सील करतो आणि कापतो. हे सगळ्यांचं थोड्याफार फरकाने सारखंच. खरा फरक फिलरमध्ये आहे आणि फिलर ठरतो तुमच्या मालावरून. बडीशेप, जिरं, तीळ, मुखवास, साखर असा सुटसुटीत वाहणारा माल असेल तर कप फिलर, म्हणजे दुकानदार माप भरून वरून हात फिरवतो ना तसंच, फिरत्या तबकडीवर कप असतात, भरतात आणि खाली सोडतात. स्वस्त, दणकट, गावातल्या पोरालाही दोन दिवसांत कळतो. पावडरला हा चालत नाही. पावडरला ऑगर लागतो, म्हणजे नळीत फिरणारा स्क्रू, जेवढे फेरे तेवढा माल. आणि ठेचा, लोणच्याचा खार, सॉस, शाम्पू, मध अशा पातळ-घट्ट वस्तूंना पिस्टन फिलर. लोणच्याचं तर वेगळंच दुखणं आहे, फोड जॉमध्ये आली की सील गेला, त्यामुळे पाच रुपयांच्या पुडीत लोणचं घालायचं असेल तर फोडी बारीक करा किंवा नाद सोडा.

काळा मसाला ही आपल्याकडची खास अडचण आहे. खोबरं, तेलावर परतलेले खडे मसाले, यामुळे तो मसाला हातात दाबला तर मूठ तशीच राहते. हळद-मिरचीसारखा तो वाहत नाही. हॉपरमध्ये त्याची कमान धरते, वर मसाला भरलेला दिसतो, आत पोकळी, आणि स्क्रू नुसता फिरतोय, पुड्या रिकाम्या निघतायत, ऑपरेटर मोबाईल बघतोय. मी हे बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. त्यासाठी हॉपरमध्ये ढवळणारा, म्हणजे अजिटेटर पाहिजे, स्क्रूचे आटे जरा मोकळे पाहिजेत, आणि स्क्रू सर्व्हो मोटरवर (नेमके फेरे घेऊन थांबणारी मोटर) असला तर उत्तम, कारण जुन्या क्लच-ब्रेकवाल्या ऑगरमध्ये ब्रेक झिजला की स्क्रू नेमका थांबत नाही आणि वजन हलायला लागतं. पावसाळ्यात तर मसाला हवेतलं पाणी ओढतो, मे महिन्यात सेट केलेली मशीन जुलैमध्ये वेगळंच वजन देते. यात मशीनचा दोष नाही. ऑगर असो की कप, दोन्ही माप घेतात आकारमानाचं, वजनाचं नाही. ताजा दळलेला गरम मसाला फुगलेला असतो, तोच रात्रभर डब्यात राहिला की बसतो, तेवढ्याच फेऱ्यात जास्त वजन जातं. म्हणून दळला की लगेच मशीनला लावू नका, थंड होऊ द्या, चाळा, आणि रोज एकाच अवस्थेतला माल टाका.

हे वजनाचं प्रकरण लोकं फार हलक्यात घेतात आणि खरा पैसा तिथंच जातो. पाच ग्रॅम लिहिलंय, मशीन कधी ४.७ देते कधी ५.३, मग मालक घाबरून सेटिंग वाढवतो, सरासरी ५.४ वर नेऊन ठेवतो म्हणजे कोणी कमी म्हणायला नको. पुडीमागे ०.४ ग्रॅम काहीच नाही वाटत ना? वीस हजार पुड्यांवर ८ किलो होतो. मसाला ४०० रुपये किलो धरा, रोजचे ३,२०० रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तर ८०,००० रुपये तुम्ही फुकट वाटताय. आता सांगा, कोटेशनमध्ये पन्नास हजार वाचवायला साधा ऑगर घेतला तर ते वाचले का गेले? कायद्यात ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ९ टक्के कमी-जास्त चालतं, पण ते एखाद्या पाकिटापुरतं, सगळी सरासरी लिहिलेल्या वजनापेक्षा कमी नको. त्यामुळे नेमका फिलर हाच शहाणपणाचा खर्च आहे, टचस्क्रीन मोठा आहे का लहान याने काही फरक पडत नाही. (पण गिऱ्हाईक टचस्क्रीनच बघतं, हे मी जन्मभर बघत आलोय.)

कायद्याचं निघालंच आहे तर एक गोष्ट. वैधमापनचे पॅकेज्ड कमोडिटीजचे २०११ चे नियम आहेत, त्यात १० ग्रॅम किंवा त्यापेक्षा कमी वजनाच्या पाकिटाला बऱ्याच छपाईतून सूट आहे. पण ते ऐकून लगेच नाचू नका, खाण्याची वस्तू म्हटल्यावर एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) वेगळं आहे, त्यांनी दिलेला नंबर, हिरवा टिपका, तारीख हे सगळं लागतंच. त्यांच्याकडेही छोट्या पाकिटाला थोडी ढील आहे, १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही अशा पाकिटावर घटकांची यादी, पोषणमूल्यं नाही छापली तरी चालतं, पण मग ती माहिती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर द्यावी लागते. ६ बाय ८ सेंटीमीटरची पुडी दोन्ही बाजू मिळून ९६ होते, बसली. डिझाईन करणाऱ्या पोराला हे माहीत नसतं, त्याला फक्त चकचकीत मसाल्याचा फोटो माहीत. छपाईला देण्याआधी जाणकाराकडून मजकूर वाचून घ्या, कारण पुढे येतो रोल.

रोल म्हणजे फिल्म. सगळं लक्ष मशीनवर आणि फिल्म शेवटी, हे उलटं चालतं आपल्याकडे. मसाल्याला साधी पॉलिथिन चालत नाही, वास उडतो, तेल बाहेर झिरपतं, दुकानात उन्हात लटकलेली लडी पंधरा दिवसांत फिकी पडते. लॅमिनेट पाहिजे, बाहेर पॉलिस्टर, मध्ये मेटलाइज्ड (धातूचा पातळ मुलामा दिलेली फिल्म), आत सील होणारं पॉली. केळीच्या पावडरला तर मेटलाइज्डवरही माझा भरवसा नाही, ती पावडर ओल धरून दगड होते, तिला ॲल्युमिनियम फॉइलचं लॅमिनेट घ्या, महाग पडेल पण इलाज नाही. सावदा-रावेरकडचे जे केळी पावडरचे उद्योग करतायत त्यांनी हे आधी बघावं, मशीन नंतर.

हिशोब असा करा. १२ मायक्रॉन पॉलिस्टर, १२ मायक्रॉन मेटलाइज्ड पॉलिस्टर आणि ४० मायक्रॉन पॉली, शाई-गोंद धरून साधारण ७५ ग्रॅम दर चौरस मीटरला बसतं. ६ बाय ८ च्या पुडीला दोन्ही बाजूंची मिळून पाऊण ग्रॅमच्या आत-बाहेर फिल्म लागते, म्हणजे किलोत चौदाशेच्या आसपास पुड्या, वाया जाणारी सोडून. फिल्म ३०० रुपये किलो पडली असं धरलं तर पुडीला बावीस पैसे. पाच रुपयांच्या पुडीत दुकानदाराचं, एजंटचं, गाडीचं, मसाल्याचं जाऊन तुमच्या हातात जे राहतं त्यात हे बावीस पैसे फार मोठे आहेत, म्हणून पुडीची लांबी पाच मिलीमीटर कमी करता आली तर करा. मसाला बसतोय आणि सीलला जागा राहतेय ना, मग बस. पण सीलमध्ये कंजुषी नको.

छपाई असते ग्रॅव्ह्युअरवर, प्रत्येक रंगाला एक सिलिंडर, पाच रंग म्हणजे पाच सिलिंडर, आणि छापणारा कमीत कमी काही शे किलो तरी घ्या म्हणतो. नुसते १०० किलो घेतले तरी १ लाख ४० हजार पुड्यांची फिल्म झाली. त्यात एक नंबर चुकला, पत्ता बदलला की ती रद्दी. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांसाठी एक-दोन रंगात साधं डिझाईन करा, नाव चालायला लागलं की मग करा चकचकीत. आणि छापणाऱ्याला तीन गोष्टी लिहून द्या, तोंडी नको: रोलची रुंदी, आयमार्क कुठं, आणि रोल कोणत्या बाजूने गुंडाळायचा. आयमार्क म्हणजे तो कडेचा काळा चौकोन, मशीनचा सेन्सर त्यालाच बघून कापतो. त्या पट्टीत दुसरं काही छापलेलं नको आणि रंगात ठळक फरक पाहिजे, नाहीतर मशीन तुमच्या ब्रँडच्या नावावरून सुरी फिरवते. गडद चॉकलेटी पुडीवर काळा आयमार्क छापून आणलेला मी पाहिलाय, सेन्सर बिचारा काय करणार.

रुंदीचं जरा नीट समजून घ्या, यात पैसे वाचतात. मशीनमध्ये पुडीची लांबी स्क्रीनवरून बदलता येते, पण रुंदी बदलायची तर कॉलर आणि ट्यूबचा सेट बदलावा लागतो, तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि बदलायला तासभर तरी जातो, ते पण हात बसलेला असेल तर. म्हणून भाच्याला सांगितलं, पाच रुपयांची आणि दहा रुपयांची दोन्ही पुड्या एकाच रुंदीच्या कर, दहावाली नुसती लांब. तीन बाजूंनी सील होणारी पुडी असेल तर रोलची रुंदी पुडीच्या दुप्पट, मागे मधोमध सील असेल तर दुप्पट अधिक वीसेक मिलीमीटर. सगळे माल एकाच रुंदीत बसवले की निम्मी कटकट संपली.

आणि लडी! कोटेशनमध्ये लडीचा उल्लेखच नव्हता. आपल्या खेड्यातला दुकानदार सुट्या पुड्या बरणीत ठेवत नाही, त्याला खिळ्याला अडकवायला लडी लागते. मशीनला दोन पुड्यांमध्ये नुसते दातरे पाडणारी सुरी आणि दहा किंवा बारा पुड्यांनंतर पूर्ण कापणारी सोय पाहिजे, आकडा स्क्रीनवर टाकता यायला हवा. ऑर्डर देताना सांगितलं नाही तर नंतर वेगळे पैसे. शाम्पूची पुडी गावागावात अशीच लटकत पोचली. तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी पुडीची कल्पना लावून धरली आणि त्यांच्या मुलाने, सी. के. रंगनाथन यांनी, १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांवर चिक शाम्पू सुरू केला, तिथून मोठ्या मोठ्या कंपन्यांना पुडीकडे बघावं लागलं. तर पुडीला हलकं समजू नका.

जुनी मशीन घ्यावी का, हा हमखास येणारा प्रश्न. घ्यावी, पण आधी तिच्यात काय भरत होते ते विचारा. महाराष्ट्रात २०१२ ला गुटखाबंदी झाली, सुपारी-गुटख्याच्या मशीन हातोहात फिरत गेल्या, आणि त्या वासाचं काय सांगू, हॉपर घासा, पाईप धुवा, तरी प्लॅस्टिकच्या भागात वास मुरलेला राहतो. तुमच्या धणेपूडला मेंथॉलचा वास आला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. शिवाय मालाला लागणारा प्रत्येक भाग स्टीलचा, ३०४ ग्रेडचा आहे का ते चुंबक लावून बघा. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ च असं नाही, २०२ लाही फारसा चिकटत नाही, पण घट्ट चिकटला तर मात्र विषय तिथंच संपला.

लाईटचं आपल्याकडे वेगळं सांगायला नको. छोटी मशीन सिंगल फेजवर चालते, पण हवेवर चालणारी असेल तर कॉम्प्रेसर लागतो आणि त्याचं बिल, त्याचा आवाज, त्याचं पाणी काढणं हे सगळं तुमच्या गळ्यात. तरी मी हवेवालीच सुचवतो, कारण जॉचा दाब एकसारखा राहतो. व्होल्टेज पडलं की हीटर तापायला वेळ लागतो, ऑपरेटर घाईत मशीन सुरू करतो, पहिल्या शे-दोनशे पुड्या कच्च्या सीलच्या निघतात आणि त्या निमूट बाजारात जातात. स्टॅबिलायझर घ्याच, आणि तापमान जमल्याशिवाय मशीन सुरूच होणार नाही असं लॉक कंपनीकडून करून घ्या, होतं ते, मागायला पाहिजे. रोल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आपल्याकडच्या ४५ च्या उन्हात फिल्म वाकडी होते, थर एकमेकांना धरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ट्रायल. कंपनीवाले त्यांच्याकडची मीठ किंवा साखर टाकून मशीन पळवून दाखवतात, व्हिडिओ पाठवतात, छान दिसतं. साखर कोणत्याही मशीनमध्ये पळते हो. तुमचा मसाला, किमान दहा-पंधरा किलो, घेऊन जा. शक्य असेल तर तुमच्याच जाडीची फिल्म घेऊन जा. अहमदाबाद आपल्याला काही लांब नाही, सुरतमार्गे रात्रीत पोचता. पाच मिनिटं नाही, तास-दीड तास चालवायला सांगा, कारण स्क्रू गरम झाला, मसाल्याचं तेल सुटलं की खरं रूप दिसतं. ओळीने तीस पुड्या उचला, निवडून नाही, ओळीने, आणि एकेक वजन करा. मग काही पुड्या पाण्यात बुडवून दाबा, बुडबुडा आला म्हणजे सील गळका. पावडरमध्ये हे फार होतं, कारण स्क्रू थांबल्यावरही थोडी भुकटी वरून पडत राहते, जॉ बंद होताना ती सीलमध्ये सापडते. नळीच्या तोंडाला झडप आहे का, धूळ ओढायची सोय आहे का ते तिथंच विचारा. तिथं लाजू नका, आपली माणसं समोरच्याने चहा पाजला की प्रश्न विचारायला संकोचतात.

पैशाचं म्हणाल तर केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई योजना आहे, २०२० ला आली, त्यात बँकेच्या कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. तालुका कृषी कार्यालयात विचारा सध्या अर्ज घेतायत का. एवढंच की अनुदान मिळतंय म्हणून मोठी मशीन घेऊ नका, बाकीचे ६५ टक्के तुमचेच आहेत आणि वर मशीनवर १८ टक्के जीएसटी.

भाच्याचं सध्या असं ठरलंय की दिवाळीपर्यंत ओळखीतल्या एकाच्या मशीनवर जॉबवर्क करून घ्यायचं, किलोमागे पैसे देऊन, दोन रंगांची फिल्म स्वतःची. एरंडोल, अमळनेर, धरणगाव एवढ्याच दुकानांत लडी टाकायची आणि परत मागणी येते का बघायची. आली तर मग एका ट्रॅकची (एका वेळी एकच पुडी काढणारी), मिनिटाला ४०-५० ची, सर्व्हो ऑगर आणि अजिटेटरवाली. त्याला अजून १२० चीच आवडतेय, तो विषय चालू आहे. ऑर्डर देताना मात्र मशीनसोबत दोन जादा हीटर, एक थर्मोकपल (तापमान मोजणारा), टेफ्लॉनचा रोल, दोन सुऱ्या आणि सेन्सर एक, हे बिलातच लिहून घ्यायचं, कारण ऐन सीझनला शनिवारी संध्याकाळी हीटर उडाला की सोमवारपर्यंत पारोळ्यात कोणी आणून देत नाही, आणि मला फोन केला तरी माझ्याकडे प्रत्येक कंपनीच्या मापाचा हीटर नसतो.